इटलीचे वेड

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी मला कोणत्याही आवडत्या विषयावर अर्धा तास बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात शिक्षणविषयक चार शब्द असावेत. अडतीस वर्षे खडू झिजविलेल्या मनुष्याने दुसरे काय बोलावे? परंतु शिक्षणावर दर वर्षी कोणी ना कोणी बोलतोच, आणि आपण सर्व ते शांतपणे ऐकून घेतो. म्हणून आज मी इटली या देशाविषयी बोलणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. इटालियन भाषा मला येत नाही, आणि तो देश मी २०२४ च्या ऑक्टोबरात अवघे नऊ दिवस पाहिला. कै. मीना प्रभु यांचे ‘रोमराज्य’ हे प्रवासवर्णन ज्यांनी वाचले असेल त्यांना माझे बोलणे तुटपुंजे वाटेल, याची मला जाणीव आहे. माझे ज्ञान उसनवारीचे आहे. मात्र ज्याच्याकडून ते उसने घेतले तो माझाच एक विद्यार्थी असल्यामुळे परतफेडीची चिंता नाही.

हा विद्यार्थी आपल्या खोताच्या वाडीत लहानाचा मोठा झाला. नाव सांगू नये अशी त्याची अट आहे. शाळेत भूगोलाखेरीज कोणत्याही विषयात त्याला गती नव्हती, आणि भूगोलातही नकाशा भरण्यापुरतीच. पुढे तो एका प्रवासी कंपनीत लागला व गेली वीस वर्षे मराठी प्रवाशांचे जथे घेऊन युरोपात जातो. धंदा या दृष्टीने त्याला सर्व देश सारखेच असावयास हवेत; स्वित्झर्लंडमध्ये तर त्याला कमिशनही बरे सुटत असेल. तथापि इटलीचे नाव निघाले की हा गृहस्थ हातातले काम खाली ठेवतो. ‘तुला तिथले एवढे काय आवडते?’ असे मी त्याला एकदा विचारले. कलोसियम, पिसाचा मनोरा, मायकेलअँजेलोचे पुतळे अशी काहीतरी यादी तो देईल, ही माझी अपेक्षा. तो म्हणाला, “सर, नेपल्सला एक म्हातारी तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधून टोपली खाली सोडत होती. पाववाल्याने पाव टाकला, सुटे पैसे टाकले, टोपली वर गेली. मला आमची आजी आठवली.”

गिरगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना यावर अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. आपली वाडी दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वसली. पुढे लाकडी ओटी, बाहेरून वर चढणारा जिना, उतरते कौलारू छप्पर, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे एवढी गल्ली. आणि नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरून येणारा फुगियासच्या तळणीचा वास. एके काळी येथे अशी पासष्ट घरे होती. आज त्यांच्या निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. माझ्या विद्यार्थ्याचे बिऱ्हाड ज्या घरात होते ते पडून तेथे इमारत उभी राहिली, त्याला बरीच वर्षे झाली. आता वाडीत परदेशी पाहुणे येतात, उरलेल्या दारांची छायाचित्रे घेतात, आणि आपण पिशवी घेऊन घरी परतत असलो तर आपलेही घेतात. आपल्या विद्यार्थ्याचे वेड समजून घ्यावयाचे तर त्याचे मूळ येथे आहे. जी गल्ली त्याच्या पायांखालून गेली, ती त्याला नेपल्सला व जिनोआला सापडली.

आता अन्नाविषयी बोलतो, कारण खरे भांडण तेथेच आहे.

आमच्या बसमध्ये बेचाळीस मंडळी होती. दररोज रात्री बस एखाद्या भारतीय उपाहारगृहापाशी थांबे, आणि तेथे पनीर, जिरा भात, पिवळी डाळ व गुलाबजाम ही चतुष्टयी आमची वाट पाहत असे. याचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. घरच्यासारखे जेवण मिळेल एवढ्या एका आश्वासनावर आपल्या मध्यमवर्गीय मराठी माणसाने, विशेषतः साठी उलटलेल्या गृहिणींनी, सारे जग पाहिले. हे मोठे काम मराठी प्रवासी कंपन्यांनी केले आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु चौथ्या रात्री मंडळींनी डाळीत जिरे जळल्याची तक्रार केली, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा पडला. ज्या शहरात आम्ही होतो तेथील एकही पदार्थ चार दिवसांत कोणाच्या जिभेला लागला नव्हता.

त्याचे म्हणणे असे, की इटालियन जेवण अशी एक वस्तूच अस्तित्वात नाही. इटली हे एक राष्ट्र झाले १८६१ मध्ये. त्यापूर्वी ती अनेक राज्ये होती, आणि चुली अद्याप वेगळ्याच आहेत. उत्तरेस लोणी, तांदूळ व मका. दक्षिणेस गहू, टोमॅटो व ऑलिव्हचे तेल. देशावरचा मनुष्य आणि कोकणातला मनुष्य एका पंक्तीस बसले म्हणजे कोणाच्या वाटणात काय असावे यावर जी चर्चा होते, तीच तेथेही होते. पो नदीच्या पाणथळ खोऱ्यात भात पिकतो, हे ऐकून आमच्या बसमधील रायगडकडील मंडळी सावरून बसली. तेथील रिझोत्तो म्हणजे तांदूळ लोण्यावर परतून, थोडा थोडा उकळता रस्सा घालीत व ढवळीत शिजविलेला गुरगुट्या भातच. मिलानकडे त्यात केशरही घालतात. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घाटा. लसूण, तेल आणि सुकी मिरची एवढ्यावर परतलेला पास्ता हा तर आपल्या फोडणीच्या भाताचा मावसभाऊ आहे. टोमॅटो आणि मिरची या दोन्ही वस्तू आपल्याकडे व त्यांच्याकडे सोळाव्या शतकापासून पुढेच अमेरिकेतून आल्या. त्याआधी दोघांच्याही आज्या-पणज्या त्यांच्यावाचून स्वयंपाक करीत होत्या, हे अन्नाच्या सोवळेपणाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. फ्लॉरेन्सच्या बाजूची रिबोलिता मला विशेष आवडली. हे नावच मुळी ‘पुन्हा उकळलेली’ अशा अर्थाचे. घेवड्याचे दाणे, काळसर पानांची कोबीच्या जातीची भाजी आणि शिळा पाव यांचे हे आसट दुसऱ्या दिवशी गरम करून खातात. त्या भागातला पाव अळणी असतो. आमच्या मंडळींनी तो मीठ विसरल्यामुळे तसा झाला असे समजून वाढप्याला बोलावून घेतले होते.

पाचव्या दिवशी पिसाला जाताना विद्यार्थ्याने बसमधील ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले, “आज दुपारी मी तुम्हाला बेसनाचा पोळा खायला घालतो. आवडला नाही तर पैसे माझे.” दादरच्या एक काकू आमच्यासमवेत होत्या. वय पंच्याहत्तर, आणि पिशवीत थालीपिठाची भाजणी. त्यांनी प्रथम साफ नकार दिला. परंतु मनोरा पाहून झाल्यावर एका भट्टीपाशी आम्हाला नेण्यात आले, तेव्हा तांब्याच्या भल्या मोठ्या परातीतून पातळ, पिवळा, कडेला खरपूस झालेला पदार्थ बाहेर निघत होता. याला तेथे चेचिना म्हणतात, जिनोआकडे फारिनाता. हरभऱ्याच्या डाळीसारख्याच काबुली चण्याचे पीठ एक भाग, पाणी तीन भाग, मीठ व ऑलिव्हचे तेल. हे काही तास भिजत ठेवून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड घालतात. दूध नाही, अंडे नाही. काकूंनी एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाल्या, “अरे, हा तर आपला पोळा! ओवा तेवढा विसरलेत.” त्यांनी दुसरा घेतला, आणि भाजणीची पिशवी त्या दिवशी उघडली गेली नाही. पैसे कोणी दिले हे मला आठवत नाही. सिसिलीत याच पिठाच्या वड्या तळून पावात घालून देतात, हे त्याने सांगितले तेव्हा बसमध्ये जो हर्ष झाला तो कलोसियम पाहतानाही झाला नव्हता.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना येथेच करून ठेवतो. पास्त्यावर भुरभुरतात ते पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी आधी विचारावे, मागाहून हळहळू नये. आणि जिलाटो नावाच्या त्यांच्या आइस्क्रीमची जी स्तुती होते ती मला अतिशयोक्त वाटली. विद्यार्थ्याशी या मुद्द्यावर माझा मतभेद कायम आहे.

गेल्या डिसेंबरात एक बातमी आली, ती आपल्यापैकी काहींनी वाचली असेल. दिल्लीस लाल किल्ल्यात युनेस्कोच्या समितीचे अधिवेशन भरले होते. १० डिसेंबर २०२५ रोजी तेथे मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आपल्या दीपावलीचा समावेश झाला, आणि त्याच दिवशी इटलीच्या स्वयंपाकाचाही. विद्यार्थ्याने मला रात्री साडेदहाला दूरध्वनी केला. त्याच्या आवाजावरून मला प्रथम वाटले की त्याच्या घरी काही मंगलकार्य ठरले.

सृष्टिसौंदर्याविषयी मी थोडक्यात बोलतो. डोंगरांचे वर्णन ऐकून कोणाला डोंगर दिसत नाहीत. पण एक दृश्य सांगतो. जिनोआच्या पूर्वेस समुद्रकाठी चिंक्वे तेर्रे नावाची पाच गावे आहेत. डोंगर सरळ समुद्रात उतरलेला, आणि त्या उतारावर चुन्यावाचून, मातीवाचून, केवळ दगडावर दगड रचून बांधलेल्या बांधांच्या पायऱ्या. त्यांवर द्राक्षवेली व लिंबे. कोकणी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपण त्याला गडगा म्हणतो. दगड एकमेकांना धरून राहतील असा गडगा घालणारे हात आपल्याकडेही होते. युनेस्कोने ही गावे १९९७ मध्ये जागतिक वारशात घेतली, आणि अशा बिनचुन्याच्या भिंती रचण्याची कला २०१८ मध्ये. परंतु २५ ऑक्टोबर २०११ रोजी तेथे प्रचंड पाऊस पडला आणि वेर्नात्सा व मोंतेरोस्सो या दोन गावांवर डोंगराचा चिखल कोसळला. तरुण माणसे शहरात गेली होती, बरेचसे बांध बेवारस पडून होते, आणि पडलेला गडगा उचलून पुन्हा रचणारे कोणी नव्हते. नुकसानीच्या कारणांत हेही एक होते.

येथे मला माझ्या विद्यार्थ्याला थोडे अडवावे लागते. त्याच्या बोलण्यात इटली म्हणजे जणू जुने सर्व काही जपून ठेवलेला देश. हे अर्धेच खरे आहे. सिसिलीतील कित्येक गावांनी ओसाड पडलेली घरे एका युरोला विकावयास काढली. घर घ्या, दुरुस्त करा आणि राहावयास या, अशी विनवणी करावी लागते. आपल्या तळकोकणात गणपतीपुरती कुलुपे निघणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचे नवल वाटू नये. आणि व्हेनिस! १९५१ मध्ये त्या बेटांवरील जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. घरमालकाला कायमच्या भाडेकऱ्यापेक्षा चार रात्रींचा पाहुणा अधिक किफायतशीर. २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या प्रवाशाला तेथे प्रवेशशुल्क द्यावे लागते, आम्ही ज्याला नाटकाचे तिकीट म्हणू तशा प्रकारचे. मी विद्यार्थ्याला विचारले, “हे पाहुणे आणतो कोण?” तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मीच आणतो, सर. बेचाळीस-बेचाळीस करून.” हा प्रश्न त्याने आजवर सोडविलेला नाही, आणि तो सोडविण्याइतके ज्ञान मलाही नाही. त्याने एवढे मात्र केले आहे, की जेथे घरात माणसे राहतात अशाच गल्लीत मंडळींना न्यावयाचे, लहान दुकानातून जिन्नस घ्यावयास लावायचे, आणि कोणाच्या दाराचे चित्र विचारल्यावाचून घेऊ द्यावयाचे नाही. हा शेवटचा नियम त्याला आपल्या वाडीने शिकविला असावा.

आता फ्लॉरेन्सकडे वळतो. या शहराचा आणि आपला संबंध फार जुना आहे. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८० नंतर कोची व गोवा येथे येऊन राहिला. मिरीचा व्यापार करता करता त्याने संस्कृताकडे लक्ष दिले आणि घरी लिहिलेल्या पत्रांत नोंद केली, की या लोकांचे देव, सर्प, सप्त, अष्ट, नव हे शब्द आपल्या दिओ, सेर्पे, सेत्ते, ओत्तो, नोव्हे यांच्याशी जुळतात. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये हेच तत्त्व विद्वत्सभेत मांडले आणि कीर्ती मिळविली. सास्सेत्ती त्यापूर्वी दोनशे वर्षे, १५८८ मध्ये, गोव्यातच वारला होता. शाळेत मी मुलांना मनूची शिकविला, जयसिंहाच्या छावणीत शिवाजी महाराजांना पाहिलेला तो व्हेनिसकर. सास्सेत्तीचे नाव मात्र आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आले नाही.

उलट दिशेनेही माणसे गेली, आणि ती परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैनिकांचे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील सर्व माणसे ठार किंवा जायबंदी झाली असता ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ते ठाणे त्यांनी मोडले, आणि मग दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांची कबर नाही, दहनभूमीही नाही. कासीनो येथील स्मारकावर नाव आहे. जुलै २०२३ मध्ये मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली. संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव यांनीही ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी हेच पदक मिळविले. ते सुदैवाने परत आले. आमच्या बसमध्ये माणगावकडचे एक गृहस्थ होते. घाडग्यांचा माणगावचा पुतळा त्यांना ठाऊक होता. ते कोठे पडले हे ठाऊक नव्हते. मोंतोने आमच्या कार्यक्रमात नव्हते, म्हणून बस सरळ रोमकडे गेली.

फ्लॉरेन्सला एक दुपार मोकळी होती. बहुतेक मंडळी कातडी पिशव्यांच्या बाजारात गेली. आम्ही सात जण विद्यार्थ्याबरोबर निघालो. माझी पत्नी होती, माणगावकर होते, आणि दादरच्या काकूही होत्या. शहराच्या पश्चिमेस आर्नो नदीच्या काठाने कास्सिने नावाचे लांबच लांब उद्यान आहे. ते जेथे संपते, तेथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर चार खांबांची एक छत्री आहे, आपल्याकडे संस्थानिकांच्या समाधीवर असते तशीच, आणि तिच्याखाली शिरोभूषण व अलंकार ल्यालेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

१८५० चा जन्म, १८६६ मध्ये गादी. समुद्रपर्यटन केले की धर्म बुडाला असे मानण्याच्या त्या काळात, १८७० च्या उन्हाळ्यात, हा वीस वर्षांचा राजा विलायतेस गेला. तेथील शाळा, इस्पितळे, कारखाने, पार्लमेंट त्याने पाहिले आणि स्वतः इंग्रजीत रोजनिशी लिहिली. कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये छापून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले व ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. प्रेत जाळण्याची चाल त्या देशात नव्हती. तरीही नगरपालिकेने अनुमती दिली आणि दोन नद्यांचा संगम शोधून रात्रीच्या वेळी महाराजांना अग्नी देण्यात आला. परमुलखात, ज्यांची भाषा सोबतच्या माणसांना कळत नव्हती अशा लोकांनी, संगमाचे महत्त्व मान्य केले, याचे मला फार वाटते. १८७४ मध्ये फुलर या इंग्रज शिल्पकाराचा पुतळा व मँट यांची छत्री तेथे उभी राहिली. याच मँट यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. १९७८ मध्ये शेजारी मोठा पूल झाला, त्याचेही नाव इंडियानो, म्हणजे हिंदी माणसाचा पूल.

छत्रीपाशी एक म्हातारा कुत्रा फिरवीत होता. विद्यार्थ्याने त्याच्याशी इटालियनमध्ये बरेच भाषण केले. त्याला लहानपणापासून हा पुतळा ‘इंडियानो’ म्हणूनच माहीत होता. कोण, कोठला, किती वयाचा, हे त्याने प्रथमच ऐकले. वय वीस हे ऐकल्यावर त्याने टोपी काढली. काकूंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली, पण पुतळ्याला हात लावू नये असे विद्यार्थ्याने सांगताच त्यांनी ती परत ठेवली व नुसता नमस्कार केला. मी विद्यार्थ्याला विचारले, की मराठी माणसांना घेऊन ऐंशी वेळा या शहरात आलास, मग हे ठिकाण कार्यक्रमात का नाही? तो म्हणाला, की मागणी नाही. बस येथवर आणून परत नेण्यात दीड तास जातो, आणि तेवढ्यात बाजार होतो. तो स्वतः मात्र प्रत्येक खेपेस एकटा येऊन जातो.

या मे महिन्यात तो कंपनीची मोठी बस न घेता बारा मंडळींची एक लहान सहल नेणार आहे. त्यात पिसा आहे, चिंक्वे तेर्रेतील एका गावात दोन रात्री मुक्काम आहे, मोंतोने आहे आणि आर्नोकाठची छत्री आहे. भारतीय उपाहारगृह नाही. ज्यांना पथ्य आहे त्यांनी आधी कळवावे. आठ जागा भरल्या, त्यांत दादरच्या काकू आहेत. उरलेल्या चारांसाठी सभा संपल्यावर मला भेटावे. जे स्वतंत्रपणे जातील त्यांच्यासाठी सांगतो: सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकापासून ट्राम क्रमांक एकने कास्सिनेपर्यंत जावे, आणि तेथून नदी डाव्या हाताला ठेवून उद्यानाच्या टोकापर्यंत सुमारे तीन किलोमीटर चालावे. पायांत चांगले जोडे असावेत.